‘ग्रंथपालाने क्रॉनमध्ये हात घालू नये’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाचताना कळलं की अर्धी बरोबर आहे, म्हणून दोन ओळीत न आटपता सविस्तर लिहितेय.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी : कोहामध्ये (हे आमचं लायब्ररीचं सॉफ्टवेअर) रात्री-पहाटे आपोआप चालणारी जी कामं असतात (सर्व्हरवर ती ठरल्या वेळी चालवतो तो क्रॉन), म्हणजे ओव्हरड्यूच्या नोटिसा, दंडाची आकारणी, मुदत संपलेली रिझर्व्हेशन्स काढणं, बॅकअप वगैरे, ती लायब्ररीच्या स्टाफला स्वतःच्या स्क्रीनवर बघता आणि सांभाळता आली पाहिजेत असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, एक तर क्रॉन हे सर्व्हरवाल्याचं काम, ग्रंथपालांनी कॅटलॉगिंग करावं. दुसरं, हे ब्राउझरमधून देणं म्हणजे सर्व्हरची चावी देणं. आणि तिसरं, ‘उद्या कुणीतरी बटण दोनदा दाबेल आणि हजार पोरांना दोन-दोन मेल जातील, मग फोन मला येणार.’

पहिल्याबद्दल सांगते. फोन तुम्हाला येत असेल, पण पोरगी काउंटरवर माझ्यासमोर उभी राहते ना.

गेल्या वर्षीची गोष्ट. एफवायची एक मुलगी पुस्तक परत करायला आली, रिटर्न केल्यावर दंड लागला. परत घेतानाच दंड मोजायचं सेटिंग आमच्याकडे चालू आहे, त्यामुळे रात्रीचं काम झालं काय नि नाही काय, तो आकडा येतोच. ती म्हणाली मॅडम मला मेलच नाही आला, माझ्या मैत्रिणीला येतो. मला वाटलं नेहमीचंच, स्पॅममध्ये बघ म्हटलं. पण आमच्या असिस्टंटने तिचं खातं उघडून नोटिसेसचा टॅब बघितला. तिथे ‘पेंडिंग’ असतं तर मेल तयार झालाय पण गेला नाही, ‘फेल्ड’ असतं तर पाठवताना अडकला. तिथे काहीच नव्हतं. म्हणजे नोटीस बनलीच नाही.

मग असिस्टंटने एक काम केलं जे मला सुचलं नसतं, तिने अशा तक्रारी वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली, नाव, ड्यू डेट, वार. दोन महिन्यांनी वही उघडली तर सगळ्यांची ड्यू डेट गुरुवार किंवा शुक्रवार. एकही सोमवार नाही, मंगळवार नाही.

आता तुम्हाला कळलंच असेल. आमची पहिली नोटीस तीन दिवस उशीर झाला की जाते (सुट्ट्या वगळायचं सेटिंग बंद आहे), म्हणजे गुरुवारवाल्यांची रविवारी आणि शुक्रवारवाल्यांची सोमवारी. डेबियनवर (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) रोजची कामं मूळ सेटिंगप्रमाणे सकाळी ६.२५ ला चालतात. आणि आमचा ‘सर्व्हर’ म्हणजे रीडिंग हॉलच्या कोपऱ्यातला एक पीसी, जो शनिवारी संध्याकाळी जाताना मामा मेन स्विचसकट बंद करायचे, सोमवारी साडेनऊला चालू व्हायचा. रविवारचे ६.२५ गेले, सोमवारचेही गेले. आणि ओव्हरड्यू नोटिसा बनवणाऱ्या स्क्रिप्टला (छोट्या प्रोग्रामला) ‘ट्रिगर्ड’ नावाचा फ्लॅग, म्हणजे एक पर्याय, लावलेला असतो, रोज चालवायची असेल तर तो लावायलाच लागतो नाहीतर त्याच पोराला रोज मेल जाईल, पण त्याचा अर्थ असा की बरोबर तिसऱ्या दिवशीच नोटीस बनते. मंगळवारी काम चालतं तेव्हा गुरुवारवाला पाच दिवस उशिरा असतो, तो तिसऱ्या दिवसाच्या चाळणीतून कधीच सुटलेला असतो, त्याची पहिली नोटीस कायमची गेली. कुठे एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. कोहाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हा धोका सरळ लिहिलाय, पण ते वाचणारा माणूस महिन्यातून एकदा यायचा आणि काउंटरवरच्या कुणाला ते माहीतच नव्हतं.

सर्व्हर बघणाऱ्याची यात चूक आहे असं मी म्हणत नाहीये. तो यायचा तेव्हा पीसी चालूच असायचा ना! ज्यांना गडबड जाणवत होती त्यांना काम चाललं की नाही हे दिसत नव्हतं आणि ज्याला दिसू शकत होतं त्याला तक्रार ऐकूच जात नव्हती, एवढंच.

आणि कॅटलॉगिंगपुरतं राहा म्हणता, तर हे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी बनवलं गेलं, कारण त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल पार करणार नव्हतं. म्हणजे लायब्ररीच्या गरजेतूनच जन्मलंय ते. असो.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र मान्य, पूर्ण मान्य. मी मागच्या पोस्टमध्ये क्रॉनटॅब (क्रॉनच्या कामांची यादी) ब्राउझरमधून एडिट करू देणाऱ्या प्लगइनचं कौतुक केलं होतं, ते मागे घेते. त्या चौकटीत ज्याला लिहिता येतं तो कोहाच्या युजरच्या नावाने वाट्टेल ती कमांड चालवू शकतो, आणि कोहाची जी कॉन्फिग फाइल तो युजर वाचू शकतो तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो. म्हणजे चावीच दिली हो. मी ‘मॅनेज’ हा एकच शब्द तीन-चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला, तिथे घोळ झाला.

पण बघू देणं वेगळं ना? आणि त्याची सोय निम्मी आहेच, कुणी चालू करत नाही. ‘क्रॉनजॉबलॉग’ नावाचं सिस्टिम प्रेफरन्स (कोहामधलं सेटिंग) ऑन केलं की कोहाची बहुतेक कामं चालल्याची नोंद होते, आणि लॉग बघायची परवानगी दिलेल्या कुणालाही ती टूल्समधल्या लॉग व्ह्यूअरमध्ये दिसते. यात सर्व्हरला हात लागत नाही. अडचण अशी की लॉगमध्ये जे झालं ते दिसतं, जे झालं नाही ते दिसत नाही, रविवारची रिकामी जागा आपली आपण ओळखायची. मला हवंय ते साधं पान : कामाचं नाव, शेवटचं कधी चाललं, पुढचं कधी. बॅच एडिट (एकदम बऱ्याच नोंदींमध्ये बदल) टाकला की बॅकग्राउंड जॉब्सच्या पानावर आपल्याला प्रगती दिसतेच की हल्ली, मग रोजच्या कामांनीच काय घोडं मारलंय.

(टास्क शेड्युलर आहे ना, असं कुणीतरी खाली विचारलंय. नाही हो, नाव फसवं आहे. त्यातून फक्त सेव्ह केलेला रिपोर्ट ठरल्या वेळी एकदा चालवता येतो, क्रॉनची कामं तिथे दिसत नाहीत.)

आता तुमचा तिसरा मुद्दा, काम हाताने चालवायचं बटण. तुमची भीती खरी आहे, ओव्हरड्यूची ती स्क्रिप्ट एकाच दिवशी दोनदा चालवली तर नोटिसा दोनदा बनतात. पण त्याच स्क्रिप्टमध्ये मेल न पाठवता नुसतं काय गेलं असतं ते दाखवायचा पर्याय आहे, आणि मागची तारीख देऊन त्या दिवसाचं काम चालवायचाही आहे. मग बटण दाबल्यावर आधी ‘रविवारच्या ४१ नोटिसा जातील, पाठवू?’ असं का येऊ नये? आणि हा अधिकार फक्त एका सिनियर माणसाला. कमांड बदलणं कुणालाच नाही, ते तुमच्याकडेच राहू दे.

तात्पुरतं थांबवायच्या बटणाबद्दल मी स्वतःच आता साशंक आहे. परीक्षेच्या आठवड्यात नोटिसा थांबवा असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं, पण वर सांगितलं तसं, थांबवलेल्या दिवसांच्या नोटिसा नंतर आपोआप जात नाहीत. ते बटण देऊ नये हेच बरं, त्यापेक्षा ड्यू डेटच पुढे ढकलावी.

आमच्याकडे शेवटी अ‍ॅनाक्रॉन टाकून घेतलं, आता मशीन बंद राहिलं तरी सुरू झाल्यावर थोड्या वेळाने राहिलेलं काम एकदा चालतं. एकदाच बरं का, दोन दिवस बुडाले तरी एकदाच, त्यामुळे सोमवारचं झालं तरी रविवारचं राहतंच. म्हणून पीसी बंद न करणं हाच खरा उपाय, नि त्या स्विचवर चिकटपट्टी लावून मार्करने ‘बंद करू नये’ लिहिलंय. मामांनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात ‘शनिवारी पण’ असं लिहून ठेवलंय.