क्षमेची वाट दोन्हीकडे आहे

ख्रिस्ती धर्म क्षमेचा आणि इस्लाम सूडाचा, अशी मांडणी करणारा एक लेख वाचला; ती मांडणी मला मान्य नाही. ‘डोळ्याबद्दल डोळा’ हे वचन मुळात बायबलच्या निर्गम या पुस्तकात (21:24) आहे. येशूने डोंगरावरील प्रवचनात ते बाजूला सारले, तरी ख्रिस्ती राज्यांत फाशी शतकानुशतके चालू राहिली आणि कॅथलिक चर्चने देहदंड सर्वथा अग्राह्य ठरवला तो थेट 2018 साली, पोप फ्रान्सिस यांच्या काळात. उलट कुराणात (2:178) किसासचा, म्हणजे समान बदल्याचा, नियम सांगतानाच मृताच्या वारसाला क्षमा करून दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, स्वीकारण्याचा मार्ग मोकळा ठेवला आहे. हे लेखकाने सांगायलाच हवे होते.

भुसावळला आमच्या शेजारच्या चाचांचा तरुण मुलगा ट्रकखाली गेला. चालकाची म्हातारी आई दारात येऊन बसली, तेव्हा त्यांनी तिच्यापुढे आधी पाण्याचा तांब्या ठेवला आणि ‘माझ्याकडून माफ आहे’ एवढेच म्हणाले. भरपाईचा शब्दही काढला नाही. खटला मात्र चाललाच, कारण आपल्याकडे फौजदारी कायदा सर्वधर्मीयांना एकच आहे आणि अशा मृत्यूत फिर्याद सरकारची असते, घरच्यांच्या माफीने ती मिटत नाही.