भीमबेटकाला सायकलवर जा

आदिमानवानं काढलेली चित्रं असलेल्या भीमबेटकाच्या गुहा बघायला भोपाळहून पहाटे साडेपाचला निघालो. आम्ही तिघं, तीन सायकली. 45 किलोमीटर म्हणजे फार नाही, पण हायवेवरच्या ट्रकांनी जीव नकोसा केला. ओबेदुल्लागंज मागे पडलं, फाट्यावरून आत वळून रेल्वेमार्ग ओलांडला आणि समोर टेकडीवर ते खडक दिसले. एखाद्या पडक्या किल्ल्याचे बुरूज असावेत तसे.

याच मार्गावरच्या गाडीतून 1957 साली पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांना ते खिडकीतून दिसले होते. दिसले म्हणून ते मुद्दाम परत आले, जंगलातून पायी वर चढले आणि भीमबेटकाची चित्रं जगासमोर आली. नीमचला जन्मलेला, उज्जैनला आयुष्य वेचलेला हा मराठी माणूस. गुहांमध्ये वाकून-झोपून हातानं चित्रांच्या नकला काढायचा. आपल्याकडे त्यांचं नाव किती घरांत माहीत आहे? मला याचं खरंच वाईट वाटतं.

शेवटचा चढ छोट्या गिअरवर, घामाघूम होऊन चढले. वर पोचल्यावर लगेच काही बघवेना, म्हणून चार नंबरच्या गुहेसमोर नुसती बसून राहिले. तिला झू रॉक म्हणतात. आधी फक्त पांढरे-तांबडे डाग दिसत होते. पाच-सात मिनिटांनी एक बारशिंगा दिसला. मग त्याच्या पोटातून दुसऱ्याच कुठल्या जनावराचे पाय. मग हत्ती, गवे, आणि खाली कितीतरी शतकांनंतर कुणीतरी काढलेले घोडेस्वार. आधीचं न पुसता त्यावरच नवं काढलंय. एकाच भिंतीवर साडेचारशेच्या आसपास आकृत्या! गेरूचा लाल आणि दगडाचाच पांढरा, एवढ्याच सामानावर.

तेवढ्या वेळात माझ्यामागून चार कुटुंबं येऊन गेली. गाडी थेट वरपर्यंत जाते ना. फोटो, सेल्फी, ‘चला पुढे’. त्यांना दोष देत नाही. पण डोळ्यांना सवय व्हायच्या आत माणूस निघून गेला, तर त्यानं बघितलं काय?

पुढे एका खडकावर कुणीतरी नाव कोरलेलं दिसलं तेव्हा मात्र संताप आला. चित्रावर नव्हतं, शेजारी होतं. म्हणून काय झालं?

सगळ्यात जास्त वेळ थांबले ती 15 नंबरपाशी. छत्रीसारखा खडक, त्यावर खूप उंचावर एक अवाढव्य लाल जनावर. वराह म्हणतात, पण शिंगं आहेत त्याला. आणि त्याच्यापुढे जिवाच्या आकांतानं पळणारा एवढुस्सा माणूस. काढणाऱ्यानं माणूस मुद्दाम लहान काढलाय, याबद्दल मला तरी शंका नाही. ती भीती मला खाली उभ्या उभ्या कळली.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, सकाळी लवकर पोचा. दुर्बीण असेल तर न्या, वराहासाठी लागेल. आणि मुलं सोबत असतील तर त्यांना आधी काही सांगू नका, स्वतः शोधू द्या. आमच्यातल्या एकाला झू रॉकवर मोर सापडला, मला शेवटपर्यंत दिसला नाही. पुढच्या थंडीत पुन्हा जाणार आहे.