युगांडातला पंप आणि पार्क चौकातला वाद

वादाला तोंड फोडलं पक्यानं. मास्तरांची भाची, न्यू जर्सीत जन्मलेली, सध्या पीस कोअरमधून, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेतून, युगांडातल्या एका खेड्यात राहते. मास्तर कौतुकानं मोबाइलवर फोटो दाखवत होते आणि हा म्हणाला, "विमानाच्या तिकिटाचे पैसे नुसते पाठवले असते तरी गावाचं जास्त भलं झालं असतं. बायोडाटा सजवायचे धंदे सगळे."

मास्तर तापले. "पंधरा दिवस शाळेची भिंत रंगवून, पोरांसोबत सेल्फी काढून परतणारे वेगळे! हे 27 महिन्यांचं काम आहे. आधी भाषा शिकायची, मग दोन वर्षं गावातच राहायचं. तिथली मोटरसायकल टॅक्सी, बोडा-बोडा, तिच्यावर बसायलासुद्धा बंदी. सापडली तर सरळ घरी पाठवतात."

"मग फिरते कशी?"

"सायकलवर, नाहीतर पायी."

दिवस कसा जातो, तेही मास्तरांनी सांगितलं. सकाळी 20 लिटरचा पिवळा जेरीकॅन घेऊन पाण्यासाठी हातपंपावर रांगेत उभं राहायचं. कपडे हातानं धुवायचे. जेवायला पोशो, म्हणजे आपल्या उकडीसारखा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत राजमा. कुणाकडे कामाला गेलं तर आधी झोप कशी झाली, घरचे कसे आहेत, शेत काय म्हणतंय, हे सगळं विचारून झाल्याशिवाय कामाचं नाव काढायचं नाही. (हे आपल्या सरकारी कचेऱ्यांत सुरू केलं तर मी तरी रोज जाईन.) त्यात हिचा चेहरा भारतीय. तिथं भारतीय म्हणजे दुकानदार, हे लोकांच्या डोक्यात पक्कं. 1972 मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना हाकललं, त्यातले काही पुढे परतले. पण ती ओळख काही पुसली नाही. त्यामुळे ही अमेरिकेची आहे हे कुणाला खरंच वाटत नाही. तुझ्या वडिलांचं दुकान कुठलं, एवढंच विचारतात.

बापूंचं लक्ष यात नव्हतं. ते झेडपीत हातपंप दुरुस्ती पथकात होते. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. "अरे, हा आपला मार्क टू!"

आणि खरंच की. आधी जालना पंप, त्यावरून सोलापूर पंप, आणि त्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू. तोच पुढे आफ्रिकेत गेला. युगांडात त्याला यू टू म्हणतात. आम्ही जन्मभर सोलापुरात, आणि पक्याला हे आज कळत होतं.

"वॉशर गेला तर ती काय करते?" बापूंनी विचारलं.

"ती हात लावत नाही. गावाची पाणी समिती घराघरातून वर्गणी काढते, मेकॅनिक बोलावते. ही समितीच्या बायकांसोबत हिशेबाची वही लिहायला बसते."

"बस्स? वही?" पक्या हसला.

"हसू नकोस," बापू म्हणाले. "बोअर मारायला कुणीही पैसे देतो, फोटो निघतो ना. वॉशरला कोण देतं? मार्क टू खोलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागतात. तिपाई लागते, चार-पाच गडी लागतात. वर्गणी नसेल तर पंप वर्ष-वर्ष तसाच पडून. मी पाहिलेत असे, इथंच, अक्कलकोट तालुक्यात."

"मग वही लिहायला तिथलीच एखादी शिकलेली पोरगी का नको?"

यावर मास्तर जरा अडखळले. मला वाटतं, पक्याचा हा एकच मुद्दा खरा होता. तिकिटाचा नव्हता. भाची जाईल तेव्हा वही कुणाच्या हातात असेल, यावरच त्या दोन वर्षांचा हिशेब व्हायचा. मास्तर म्हणाले, खजिनदार गावातलीच बाई आहे, आताशा बेरजा तीच करते. पक्या म्हणाला, मग भाचीनं आता परत यावं.

बापू पुन्हा फोटोत घुसले होते. "मास्तर, पंपाखालचा ओटा लालसर दिसतोय. लोखंडी जीआय पाइप गंजला असणार. तिकडं आत्ता साडेपाचच वाजले असतील, लावा फोन. पाइप कधी बदलले, विचारा तिला."