हलका मिथेन आणि कंपन्यांची परस्पर निर्दोष सुटका

‘2007 पासून हवेतला मिथेन हलका होत चाललाय. म्हणजे वाढ गाईगुरांची आणि भातशेतीची. तेल-वायू कंपन्यांचा संबंध नाही, हे कार्बनच्या समस्थानिकांनी सिद्ध केलंय.’ हा मजकूर बराच फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे.

हलका म्हणजे काय? कार्बनच्या शंभर अणूंत साधारण एक जरा जड कार्बन-13 असतो, बाकीचे कार्बन-12. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. हवेतला मिथेन वेगळा काढून जाळतात आणि तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये 44 वजनाच्या (कार्बन-12 असलेल्या) रेणूंमागे 45 वजनाचे (कार्बन-13 असलेले) किती, ते मोजतात. प्रमाणित नमुन्यापेक्षा ते हजारी जेवढं कमी, तेवढा आकडा उणे; आकडा जितका खाली, तितका मिथेन हलका. गाईच्या पोटातल्या किंवा भाताच्या चिखलातल्या सूक्ष्मजीवांचा मिथेन उणे 60 च्या आसपास, तेल-वायू-कोळशाचा म्हणजे खनिज उणे 44, आगीतून निघालेला उणे 20-25. हवेतला आकडा उणे 47.2 वरून उणे 47.9 च्या जवळ घसरलाय.

‘म्हणजे खनिज मिथेन वाढलाच नाही.’ असं कसं? हवेतला आकडा ही सगळ्या स्रोतांची मिळून सरासरी आहे. आगी घटल्या की सगळ्यात जड मिथेन घटतो आणि सरासरी खाली येते. 2017 च्या एका अभ्यासात आगींमधली घट हिशेबात धरली, तेव्हा खनिज आणि सूक्ष्मजीव दोन्ही वाढूनही आकडा जुळला.

‘कंपन्यांचा वाटा किरकोळ.’ वाढ वेगळी, वाटा वेगळा. 2016 मध्ये ठिकठिकाणच्या वायूंचे हे समस्थानिकांचे आकडे नव्याने गोळा करून हिशेब मांडला गेला, तेव्हा खनिज इंधन उद्योगाचं उत्सर्जन आधीच्या अंदाजांपेक्षा 20 ते 60 टक्के जास्त निघालं. त्या अभ्यासाला काळानुसार वाढ दिसली नव्हती, हेही खरं. पण पुरावा समस्थानिकांचाच, आणि तो कंपन्यांच्या बाजूने नाही.

शिवाय हवेत मिथेन नष्ट करणारा हायड्रॉक्सिल नावाचा कण असतो; तो हलका मिथेन किंचित लवकर खातो आणि जड मागे उरतो. म्हणूनच स्रोतांची सरासरी उणे 53 च्या आसपास असूनही हवेत उणे 47 दिसतात. हायड्रॉक्सिल कमीजास्त झाला तरी आकडा हलतो; त्यासाठी कुणी काही सोडायलाच हवं असं नाही.

‘सूक्ष्मजीव म्हणजे गाय.’ दलदल, कचरा डेपो, सांडपाणी, सगळीकडे तेच सूक्ष्मजीव. 2020 नंतरच्या उसळीत पाणथळ जागांचा हात मोठा मानतात. आणि गाईचा तरी आकडा एक कुठे असतो? ज्वारीचा कडबा आणि उसाचे वाढे खाणारी सोलापूरची गाय, भाताचा पेंढा खाणारी कोकणातली गाय, दोघींच्या ढेकरेतल्या मिथेनमध्ये दहाच्या आसपास अंकांचा फरक पडू शकतो, कारण ज्वारी-ऊस हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने धरतात.

उलटही होतं. अमेरिकेत वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यात कोळशाच्या थरांतला वायू सूक्ष्मजीवांनीच केलेला, उणे 60 च्या आसपासचा. तिथे विहिरीतून गळती झाली, तर नुसता आकडा पाहणारा ती गोठ्याच्या खात्यात टाकून मोकळा होईल.