पोलिसी खाक्या आणि जीन हंटची वकिली

दर काही महिन्यांनी तीच क्लिप पुन्हा फिरायला लागते. फिकट तपकिरी लांब कोट घातलेला, पोट सुटलेला एक साहेब संशयिताला भिंतीवर आपटतो आणि खाली कोणीतरी लिहितं, ‘असे पोलीस हवेत.’ क्लिप बीबीसीच्या ‘लाइफ ऑन मार्स’ची. साहेब म्हणजे डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर जीन हंट. सोबतचा युक्तिवाद साधारण असा असतो: २००६ सालचा कायदेभीरू अधिकारी सॅम टायलर गाडीची धडक बसून १९७३ च्या मँचेस्टरमध्ये जागा होतो. तिथे त्याचे नियम कुचकामी ठरतात, हंटचा ठोसा आणि हंटचं नाक मात्र गुन्हे उकलतं. तेव्हा पोलिसांचा धाक होता म्हणून गुन्हेगारी कमी होती. आणि शेवटी सॅम स्वतःच १९७३ निवडतो, म्हणजे मालिकेनेच निकाल दिला.

आधी कबूल करतो, हंट मलाही आवडतो. फिलिप ग्लेनिस्टरने तो असा काही उभा केलाय की न आवडून सांगता कोणाला! ब्रिटनमध्ये तर २०१० च्या निवडणुकीत लेबर पक्षाने विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या डेव्हिड कॅमेरॉनना हंटच्या वेषात, पुढच्या ‘ॲशेस टू ॲशेस’ मालिकेत तो ऐंशीच्या दशकात चालवतो त्या ऑडी क्वाट्रो गाडीवर बसवून पोस्टर काढलं, की हा माणूस देशाला ऐंशीच्या दशकात परत नेईल. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने तेच चित्र उचलून स्वतःच्या प्रचाराला वापरलं. शिवी म्हणून दिलेलं नाव लोकांना पदवी वाटलं. तेव्हा हंट लोकप्रिय आहे, यात वाद नाही. वाद आहे तो मालिका त्याच्या बाजूने साक्ष देते का, याचा. (पुढे शेवट फोडणार आहे. मालिका पाहायची असेल तर इथेच थांबा.)

पहिला मुद्दा, हंटची पद्धत यशस्वी ठरते. हे म्हणणारे बहुधा पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागावर विसंबून असतात. पेरलेल्या पुराव्यावर पकडलेल्या आरोपीला सॅम सोडून देतो आणि त्याची किंमत एका निरपराध बाईला गोळी खाऊन मोजावी लागते. हा भाग खरंच सॅमच्या विरोधात जातो. मालिका प्रामाणिक आहे, ती त्यालाही सोडत नाही. पण तिथे थांबून कसं चालेल? चौथ्या भागात हाच हंट शहरातल्या एका क्लबमालकाकडून हप्ता घेतो. सातव्या भागात कोठडीत एक तरुण मरतो, कारण त्याने तोंड उघडावं म्हणून हंटच्या हाताखालच्या रे कार्लिंगने त्याला जबरदस्तीने कोकेन चारलेलं असतं, आणि सगळं ठाणं ते झाकायला धडपडतं. रेची पदावनती होते, पुढे तो सार्जंटचा कॉन्स्टेबल होऊन वावरतो. दुसऱ्या सीझनमध्ये हंट ज्याला गुरू मानतो तो हॅरी वुल्फ स्वतःच गुन्हेगार निघतो. त्याच सीझनमध्ये बॉम्बस्फोट झाल्यावर सगळे डोळे झाकून आयरिश माणसाच्या मागे लागतात आणि तोंडघशी पडतात. सोळा भागांतून एक ठोसा कापून घेतला तर तो शौर्य दिसणारच. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं पाहिलं की तो पुरावा फिर्यादीच्याच अंगलट येतो.

दुसरा मुद्दा, प्रयोगशाळेपेक्षा साहेबाचं नाक बरं. हा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण मालिका ज्या परिसरात घडते त्याच परिसराने याची किंमत मोजली आहे.

१९७५ मध्ये मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमधली एक अकरा वर्षांची मुलगी मारली गेली. पोलिसांना स्टीफन किस्को या करखात्यातल्या तरुण कारकुनाचा ‘वास आला’. एकटा, आईबरोबर राहणारा, जरा वेगळा माणूस. वकिलाशिवाय झालेल्या चौकशीत त्याने कबुली दिली. नंतर सांगितलं की कबूल केलं तर नाताळला घरी सोडतील असं वाटलं होतं. १९७६ मध्ये जन्मठेप झाली. मुलीच्या कपड्यांवरच्या वीर्यात शुक्राणू होते, आणि किस्कोच्या शरीरात ते तयारच होत नव्हते. ही गोष्ट न्यायालयापुढे आलीच नाही. सोळा वर्षांनी, १९९२ मध्ये, तो सुटला आणि १९९३ च्या डिसेंबरात गेला. खरा खुनी सापडला तो डीएनएमुळे. त्याला शिक्षा झाली नोव्हेंबर २००७ मध्ये, ‘लाइफ ऑन मार्स’चा शेवटचा भाग दाखवून सात महिने झाले होते.

दुसरं प्रकरण यॉर्कशायर रिपरचं, म्हणजे एकामागून एक स्त्रियांचे खून करणाऱ्या पीटर सटक्लिफचं. १९७७ मध्ये मँचेस्टरमध्ये मारल्या गेलेल्या बाईच्या पर्समधली पाच पौंडांची कोरी नोट पोलिसांना सटक्लिफच्या दारापर्यंत घेऊनही गेली होती. एकूण नऊ वेळा त्याची चौकशी झाली आणि नऊ वेळा तो सुटला. माहिती होती, पण हजारो कार्डांच्या ढिगाऱ्यात विखुरलेली. त्यात १९७९ मध्ये एक ध्वनिफीत आली, ‘मीच रिपर’ म्हणणारी, संडरलँडच्या बोलीतली. तपासप्रमुखांना आतून खात्री वाटली की हाच तो. शोध तिकडे वळला, सटक्लिफ ब्रॅडफर्डमध्ये राहत होता, आणि त्या फितीनंतर आणखी तीन स्त्रिया मेल्या. १९८१ च्या जानेवारीत तो सापडला तो शेफील्डमध्ये, गाडीच्या खोट्या नंबरप्लेटमुळे, गस्तीवरच्या साध्या पोलिसांना. आणि ती फीत पाठवणारा? पाकिटावरच्या लाळेतल्या डीएनएने त्याला पकडलं. शिक्षा मार्च २००६ मध्ये झाली. जानेवारीत सॅम टायलर पहिल्यांदा पडद्यावर १९७३ मध्ये जागा झाला होता. लेखकांनी मुद्दाम जुळवला असता तरी इतका नेमका योग साधला नसता.

याच ओघात एक गोष्ट आपल्याकडची. ज्या इंग्रजांनी १८७२ मध्ये भारतासाठी पुरावा कायदा केला, त्यांनी कलम २५ मध्ये लिहून ठेवलं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम २३ आहे. इथल्या पोलिसांवर इंग्रजांचा एवढाही भरवसा नव्हता. घरी, इंग्लंडमध्ये, मात्र पोलिसांपुढची कबुली चालत राहिली. किस्कोची चालली, बॉम्बस्फोटाच्या खोट्या आरोपात अडकलेल्या ‘बर्मिंगहॅम सिक्स’ या सहा जणांपैकी चौघांची चालली. ते सहा जण १९७५ मध्ये आत गेले आणि १९९१ मध्ये निर्दोष ठरून बाहेर आले. सॅम ज्या टेपरेकॉर्डरसाठी, वकिलासाठी आणि कोठडीच्या नोंदीसाठी १९७३ मध्ये डोकं आपटत असतो, ते सगळं इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस व गुन्हे पुरावा कायद्याने आणलं. कारकुनांना काम हवं होतं म्हणून नव्हे. १९७२ मध्ये लंडनच्या कॅटफर्डमधल्या एका खुनात तीन पोरांकडून कबुली घेतली गेली, ती खोटी निघाली, त्यावर चौकशी बसली, मग रॉयल कमिशन, मग कायदा. सॅमला चीड आणणारा प्रत्येक फॉर्म कोणाच्या तरी वाया गेलेल्या वर्षांवर छापलेला आहे.

तिसरा मुद्दा, धाक होता म्हणून गुन्हे कमी. हा लवकर आटोपतो. १९७३ चे आकडे २००६ पेक्षा लहान होते, हे खरं. पण सत्तरच्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये नोंदलेले गुन्हे वाढत होते. सॅम ज्या काळातून येतो तिथे मात्र, लोकांना घरोघरी विचारून केलेल्या पाहणीनुसार, १९९५ पासून ते उतरत होते. ठोसा चालत होता तेव्हा आलेख वर, फॉर्म भरले जात होते तेव्हा खाली. यावरून फॉर्मांमुळे गुन्हे घटले असं मी म्हणणार नाही, पण उलटं म्हणणाऱ्याने निदान आलेख तरी सरळ धरावा. आणि धाक नेमका कोणाला होता? सर रॉबर्ट मार्क, मूळचे मँचेस्टरचेच, १९७२ मध्ये लंडनचे पोलीस आयुक्त झाले तेव्हा त्यांची मुख्य डोकेदुखी स्वतःच्या डिटेक्टिव्हांचा भ्रष्टाचार ही होती. चांगलं पोलीसदल ते, जे जितके चोर नोकरीला ठेवतं त्याहून जास्त पकडतं, असं ते म्हणायचे.

राहिला शेवट. सॅम शुद्धीवर येतो, कामावर जातो, एका बैठकीत त्याच्या बोटाला कापतं आणि त्याला काहीच जाणवत नाही. मग तो छतावरून उडी मारतो आणि १९७३ मध्ये परततो. परततो कशासाठी? तिथल्या सहकारी ॲनीवर त्याचं प्रेम आहे, तिच्यासाठी, आणि बोगद्यात गोळीबारात सापडलेल्या ज्या माणसांना टाकून आला त्यांच्यासाठी. संशयितांना बडवता यावं म्हणून नव्हे. प्रेमापोटी कोणी जुन्या चाळीत परत गेला, तर त्याला तिथलं सार्वजनिक संडास आवडायचं असा अर्थ काढायचा का?

शिवाय ते १९७३ नव्हतंच. पुढच्या ‘ॲशेस टू ॲशेस’चा शेवटचा भाग मे २०१० मध्ये आला आणि त्यात उलगडलं की हंटचं जग हे मेलेल्या पोलिसांचं मधलं ठाणं आहे. खुद्द हंट १९५३ मध्ये, राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, गोळी लागून मेलेला एक कोवळा शिपाई होता. कोणी शोधायलाही न आलेलं त्याचं प्रेत एका शेतात उथळ पुरलेलं. तो कोट, ती गाडी, तो दरारा हे सगळं त्या पोराने मोठेपणी आपण कसे होऊ म्हणून मनात रंगवलेलं, काउबॉयच्या सिनेमातल्या शेरीफसारखं. क्लिपमध्ये भिंतीवर आपटणारा साहेब तो हाच.