जेटवर कर लावला म्हणून एसटी महागत नाही, मामा

काल रात्री मालवणहून मामाचा फोन आला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा लांबलचक मेसेज वाचून दाखवला आणि विचारलं, "जेटवर कर वाढलो तर आमची एस्टी म्हाग होतली मां रे?" मेसेजचं म्हणणं असं: खाजगी जेटवर आणखी कर नको. बोजा शेवटी गरिबाच्या तिकिटावर येतो, जेटवाले आधीच 40 टक्के भरतात, आंतरराष्ट्रीय करारात हे बसत नाही आणि कोकणचं पर्यटन बुडेल.

मामा आठवड्यातून दोनदा एसटीनं कणकवली गाठतो. त्याला असं घाबरवलं, याचाच मला संताप आला. फ्रान्सनं 1 मार्च 2025 पासून लांब पल्ल्याच्या खाजगी जेटवर माणशी 2,100 युरो कर लावला. तो जेटमध्ये बसणाराच भरतो, बसमधला नाही. आपल्याकडे मात्र मामाच्या एसटी भाड्यावर राज्य सरकार 17.5 टक्के प्रवासी कर घेतं. आणि 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात विमान इंधनावरचा व्हॅट मुंबई, पुणे आणि आपल्याच रायगडात 25 वरून 18 टक्क्यांवर आणला. तिथे टाकी भरणाऱ्या जेटलाही तीच सवलत! मग बोजा कोण वाहतंय?

40 टक्क्यांचं अर्धं खरं आहे, मान्य. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर 40 टक्के जीएसटी आहे. पण तो खरेदीवर, एकदाच. व्यावसायिक वापरासाठी घेतलं तर 5 टक्के. नंतर किती उडवलं, किती धूर सोडला, याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि खरा प्रश्न धुराचाच आहे. संशोधक स्टीफन गॉसलिंग आणि सहकाऱ्यांचा 2024 चा अभ्यास सांगतो की खाजगी विमानांचं कार्बन उत्सर्जन 2019 ते 2023 मध्ये 46 टक्क्यांनी वाढलं. एका उड्डाणामागे सरासरी 3.6 टन, आणि जवळजवळ निम्मी उड्डाणं 500 किलोमीटरच्या आतली. एवढं अंतर आपली माणसं कोकणकन्येनं रात्रभरात कापतात.

कराराचं म्हणाल तर 1944 च्या शिकागो कराराचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, कलम 24 बाहेरून आलेल्या विमानाच्या टाकीत आधीच असलेल्या इंधनाला सीमाशुल्कातून सूट देतं. फ्रान्सही त्याच करारात आहे, तरी त्यानं माणशी कर लावलाच.

आणि पर्यटन? मामाच्या शेजारणीच्या दोन खोल्या मे महिन्यात भरतात त्या रेल्वेनं, एसटीनं, स्वतःच्या गाडीनं येणाऱ्यांमुळे.

मामा, ग्रुपवर काही फिरवायचंच असेल तर एसटीवरचा तो 17.5 टक्के कर कमी करा, ही मागणी फिरव.