वसंत आधी माव्याला कळतो

पंचांगात वसंत दोनदा येतो. माघ शुद्ध पंचमीला वसंत पंचमी, आणि वसंत ऋतू मात्र चैत्र-वैशाखात. मधले पावणेदोन महिने पुण्यातल्या गॅलरीबागवाल्यांनी काय करायचं, याबद्दल पंचांग गप्प. मग आम्ही सकाळी चहाचा कप घेऊन कुंड्यांवर ओणवे होतो आणि प्रत्येक काडीची चौकशी करतो. कंबर धरते, चहा गार होतो, काडी काही बोलत नाही.

कवितेतला वसंत पालवी घेऊन येतो. देशावरचा आधी केरसुणी मागतो. माघात कढीलिंबाची पानं पिवळी पडून गॅलरीभर होतात आणि घरातला दयाळू माणूस लगेच झारी उचलतो. या दयेने जितके कढीलिंब मेले असतील तितके उन्हाने नसतील. पानंच नाहीत तर पाणी वर ओढणार कोण? ते कुंडीत साचतं आणि मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत खुपसावं. ओल लागली तर झारी जागेवर ठेवावी, आणि दयाळू माणसाला वाटाणे सोलायला बसवावं.

चाफ्याचं तर विचारूच नका. हिवाळाभर नुसती खुंटं उभी. जिवंत आहे का बघायला शेंड्याकडची साल नखाने किंचित खरवडायची. आत हिरवं ओलं दिसलं, पांढरा चीक आला, की निश्चिंत व्हायचं. तपकिरी कोरडं निघालं तर थोडं खाली खरवडायचं, आणि हिरवं लागेल तिथवरची फांदी छाटून टाकायची. दाबून फांदी मऊ लागली तर ती आतून सडलीय. ही तपासणी एकाच माणसाने, एकदाच करावी. घरातल्या चौघांनी रोज आपापलं नख चालवलं, तर चाफा वसंताने नव्हे, तपासणीने सोलवटून निघतो.

मोगऱ्यापाशी मात्र चिन्हं शोधत बसायचं नसतं, ती करवून घ्यायची असतात. जानेवारीत पाणी तोडायचं, पानं जरा मलूल होईपर्यंत. मग वरचा एक-तृतीयांश भाग छाटायचा आणि उरलेली पानं हाताने खुडायची. या टप्प्याला शेजारी 'अरेरे' म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नये. वरची दोन इंच माती मोकळी करून बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळ खत घालायचं आणि भरपूर पाणी. फूल नव्या फुटव्यावरच येतं, म्हणून ही कत्तल. जुन्या फांद्यांना जीव लावणाऱ्यांना नुसती हिरवीगार पानं मिळतात. युरिया टाकणाऱ्यांनाही तेच. आणि पाच-सहा तास ऊन नसेल तर छाटणी, खत, नवस, सगळं फुकट.

फुटवा आला की भिंग काढायचं. शेंड्याला दोन पानांच्या बेचक्यात हिरवा ठिपका दिसतो. त्याच्याभोवती बारीक हिरवे धागे उभे असतील तर ती कळी. नुसतं टोकदार, दुमडलेलं काही असेल तर पान. दिवसाआड हा ठिपका घरच्यांना दाखवून अभिनंदन वसूल करू नये. पान निघाल्यावर तोंड दाखवायला जागा उरत नाही.

पण खरं पहिलं चिन्ह वेगळंच. जास्वंदीच्या शेंड्यावर मुंग्यांची रांग दिसली, की समजायचं, पालवी फुटली. आपल्याला दिसायच्या आधी ती माव्याला, म्हणजे पालवीवरच्या बारीक किडीला, दिसलेली असते. कोवळ्या देठावर तो दाटीवाटीने बसून रस पितो, अंगातून गोड चिकटा सोडतो, आणि त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून त्याला खाली पाडावं. तरी उरला तर लिटरभर पाण्याला पाच मिली कडुनिंबाचं तेल. तेल आधी भांडी घासायच्या लिक्विडच्या चार-पाच थेंबांत घोटून मगच पाण्यात घालायचं, नाहीतर ते वर तरंगतं आणि शेवटचा फवारा नुसत्या तेलाचा बसून कोवळी पालवी करपते. फवारा पानाच्या खालून, आठवड्याने पुन्हा. माव्यात मगरीसारखी काळी-नारिंगी खरबरीत अळी फिरताना दिसली तर किंचाळून चप्पल उचलू नये. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी आहे, मावा खायलाच आलीय. तिथे फवाराही नको. फुकटचा कामगार घालवू नये.

फवारणीची वेळ संध्याकाळची. एक तर उन्हात तेलाने पानं भाजतात आणि दिवसा मधमाश्या असतात. दुसरं कारण शेतकी पुस्तकांत नसतं. याच दिवसांत खालच्या मजल्यावर कुरडया वाळत घातलेल्या असतात, आणि कडुनिंबाच्या चवीची कुरडई तळल्यावरही कडूच लागते. वहिनींनी परात आत नेली का, हे कठड्यावरून वाकून पाहावं, मगच पंप मारावा.